तात्यांकडची बाई

"सूनबाई, तुमच्या मोरीत दोरी पडलीय. हात लावू नगा."

शेजारचे वाघमोडे तात्या मला असं म्हणाले, तेव्हा आम्हाला चिखलीत राहायला येऊन आठवडाच झाला होता. मला वाटलं, दोरी त्यांची असेल. पण माझ्याकडे कपडे वाळत घालायला दोरी नव्हती. लांब असली तर मागून घेऊ, असा विचार करून मी मोरीत गेले. दोरी भरपूर लांब होती, आणि ती बादलीवर चढत होती.

माझी किंकाळी ऐकून आमच्या लाईनीतल्या सगळ्या खोल्या रिकाम्या झाल्या. तात्या काठी घेऊन आधीच दारात उभे होते. तेच माझ्यावर रागावले. "सांगितलं व्हतं की दोरी हाय म्हणून!"

"मग साप आहे म्हणायचं ना तात्या!" आमचे हे चिडून म्हणाले.

तात्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "दिवेलागणीला नाव घेता व्हय? नाव घेतलं की ते वळून बघतंय."

आमच्या परभणीकडंही रात्री कुणी सापाला साप म्हणत नाही. लांबडं म्हणतात, जनावर म्हणतात. पण ते रात्रीपुरतं आणि सापापुरतं. तात्यांनी हा नियम दिवसरात्र आणि जगातल्या सगळ्या वाईट गोष्टींना लावला होता. आडनाव वाघमोडे, पण घरात उंदीर झाले तर "मामा मंडळी आलीत" म्हणायचे. ताप म्हणजे पाहुणा. शुगर म्हणजे गोडबोले. पोलीस दिसला की "खाकी रंग बघा" एवढंच. मीही आमच्या ह्यांचं नाव घेत नाही, पण ती गोष्ट वेगळी.

तात्या माणदेशातले. सगळी नोकरी एका कारखान्यात प्रेस मशीनवर झाली. तिथंही तेच. मशीन बंद पडलं असं त्यांनी कधी म्हटलं नाही, "झोपलंय" म्हणायचे. एकदा त्यांनी फोनवर कळवलं, "सायेब, दोन नंबरवर झोपलंय." साहेब झोपलेला माणूस पकडायला धावत आले आणि मशीनच्या मागं, खाली, पत्र्याच्या ढिगाआड बराच वेळ शोधत राहिले. तात्या शांतपणे त्यांच्या मागून फिरत होते. "मग उठवा की त्याला!" साहेब ओरडले. तात्या म्हणाले, "फिटरला बोलवा. माझ्यानं उठत न्हाई."

प्रेसच्या धडधडीनं तात्यांच्या कानांवर परिणाम झाला होता. त्यामुळं ते बोलतात ते मोठ्यानं. आणि त्यांच्या-आमच्या खोलीमधली भिंत पत्र्याला टेकत नाही, वर वीतभर मोकळं आहे. मी दिवसभर घरी बसून कंपनीतून येणाऱ्या रबरी पार्टांच्या कडा ब्लेडनं कापते. हात कामात, कान मोकळे. मी मुद्दाम ऐकत नाही. पण कान झाकून ब्लेड चालवता येत नाही.

तात्यांची बायको मी पाहिली नाही. आम्ही यायच्या आधीच ती गेली होती. हेही मला उशिरा कळलं. एकदा गॅसची नळी तपासणारा माणूस आला आणि त्यानं विचारलं, "घरात बाई नाहीत का?" तात्या म्हणाले, "ती पुढं गेलीय." तो म्हणाला, "मग थांबतो की, येतील." तात्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. अर्ध्या तासानं आमची घरमालकीण शेवंतामावशी येऊन त्याच्या कानात पुटपुटली, तेव्हा तो बिचारा नळी न तपासताच उठला. तात्या दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "बसायचं व्हतं की अजून."

त्यांची एकुलती मुलगी मनीषा मारुंजीला दिलेली. जावई कंपन्यांच्या गाड्या चालवतो. मनीषाला दिवस गेले तेव्हा तिच्या सासूबाईंनी निरोप पाठवला की माहेरी आई नाही, तेव्हा बाळंतपण इकडंच करू. तात्या स्वतः मारुंजीला गेले आणि ठणकावून आले. "पयलं बाळतपण म्हायेरीच. आई न्हाई, बाप हाय की."

आणि मग बापानं जी तयारी सुरू केली! डिंकाचे लाडू माझ्याकडून शिकले. डिंक फुलतो तो बघून लहान मुलासारखे हसले. पहिले लाडू इतके टणक झाले की शेवंतामावशीनं एक दाराला अडण म्हणून लावला. दुसऱ्या खेपेला जमले. शेगडी आणली, जुन्या मऊ साड्या धुऊन दुपटी फाडली, मला विचारून शेपा आणि बाळंतकाढ्याचं सामान आणलं. पाळणा टांगायला छताच्या कडीला स्वतः लोंबकळून बघितलं. कडी टिकली, तात्या पडले, ते हात सुटला म्हणून. आठव्या महिन्यात मनीषा यायची होती. तात्या दर दोन दिवसांनी भिंतीवरून विचारायचे, "सूनबाई, काय ऱ्हायलं का आणायचं?"

मनीषा यायला आठवडा राहिला असेल. दुपारी मी कडा कापत बसले होते. पलीकडं तात्या मुलीशी फोनवर बोलत होते. मला फक्त तात्यांचंच ऐकू येत होतं.

"पोरी, तू आता येऊ नगंस... न्हाई, तब्येत बरी हाय... इथं एक बाई आलीय."

माझं ब्लेड थांबलं.

"कोण म्हंजी? नाव न्हाई सांगता येत... परवा आली. एकदम आली, सांगून थोडीच येती? कमरेला इळखा घालून बसलीय. रातभर झोपू देत न्हाई. आंगाची नुसती आग हुतीय... किती दिवस ऱ्हाईल ते तिलाच ठावं. पण ती हाय तवर तू ह्या घरात पाय ठेवायचा न्हाई!"

फोन बंद झाला. मी वर भिंतीकडं पाहिलं. पलीकडून तात्यांचं कण्हणं ऐकू आलं आणि मला कुठं बघावं कळेना.

मी कुणाला काही सांगितलं नाही. मी तशी बोलतच नाही, शेवंतामावशी मला 'मुके' म्हणूनच हाक मारते. पण तात्यांच्या पलीकडच्या भिंतीवरही वीतभर मोकळं आहे आणि त्या बाजूला शेवंतामावशीचीच खोली आहे. माझा चहा उकळायच्या आत ती दारात उभी.

"ऐकलंस का गं मुके? म्हाताऱ्यानं बाई ठिवली!"

मी मान खाली घातली.

"आणि आमाला कळलं बी न्हाई! आली कवा? नळावर न्हाई दिसली, संडासच्या रांगेत न्हाई दिसली. खातीय काय, पितीय काय?" मग तिनं आवाज खाली आणला. "मंजी खोलीत आता दोन माणसं. पाण्याचे पैसे वाढवाय पायजेत."

संध्याकाळपर्यंत बातमी वाण्याच्या दुकानापर्यंत गेली. वाणी म्हणाला, तरीच तात्यांनी परवा खोबरेल तेल नेलं. पिठाच्या गिरणीत त्या बाईचं वय ठरलं. रात्रीची पाळी करून आमचे हे चाकणहून परतले, तेव्हा कंपनीच्या बसमध्ये त्यांना कुणीतरी ती बाई सोलापूरची आहे असं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली. पोट सांभाळत मनीषा उतरली. मागून तिच्या सासूबाई उतरल्या. त्यांचा पदर खोचलेला होता. लाईनीतल्या सगळ्या बायकांना एकाच वेळी अंगण झाडायची आठवण झाली.

"तात्या, दार उघडा!"

आतून आवाज आला, "मनीषा? तुला येऊ नगं म्हणलं व्हतं! तिथंच थांब! ती हाय आत!"

"तिला बाहेर काढा!"

"तिला काडता येत असतं तर काडली नसती व्हय मी?"

सासूबाई पुढं झाल्या. "इवाई, या वयात? नातवंड तोंडावर आलंय, काही वाटतं का जिवाला?"

"इहीणबाई, मी बोलावली न्हाई तिला! आपसूक आली. आता आंगाला लागलीय ती सुटंना!"

"अगं बाई!" शेवंतामावशी म्हणाली आणि झाडू टाकून खाली बसली.

मनीषा दाराशी गेली. "तात्या, आईच्या जागी..." ती पायरीवर बसली आणि रडायला लागली. ते ऐकून खिडकीचं दार उघडलं. तात्या गजाआड उभे होते. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मुलीचं रडणं कशाचं आहे ते त्यांना आत्ता कुठं कळलं असावं, कारण त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी बनियन वर केलं.

बरगड्यांच्या खाली, डाव्या अंगाला, पाठीपासून पोटापर्यंत लालभडक पट्टा होता. त्यावर पाण्यानं भरलेले फोड, दाटीवाटीनं.

"नागीण!" शेवंतामावशी ओरडली.

"नाव घेतलंस!" तात्यांनी कान झाकले आणि त्या झटक्यानं बनियन खाली आलं. ते फोडांना लागून तेही ओरडले.

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. गेरू लावा. नको, आधी उतरवून घ्या. तिच्या तोंडाला शेपूट लागलं की माणूस जातो. सावली पडू देऊ नका, बघणाऱ्याला होते. हे ऐकून बघणाऱ्या चार पावलं मागं सरल्या, पण बघायच्या थांबल्या नाहीत. सासूबाईंनी मनीषाला ओढून रिक्षापर्यंत नेलं. "चल, घरी चल. बाळंतपण आमच्याकडंच. विषय संपला."

तात्या गज धरून रिक्षाकडं बघत होते. आत कोपऱ्यात डिंकाच्या लाडवांचा डबा मला दिसत होता.

आमचे हे झोपले होते, म्हणून तात्यांना दवाखान्यात मीच घेऊन गेले. कशी गेले माझं मला माहीत. रिक्षावाल्याला पत्ता सांगायलाही मी एरवी ह्यांनाच पुढं करते.

महापालिकेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, तरुण पण धीराच्या. त्यांनी विचारलं, "काय होतंय आजोबा?"

"बाई आलीय."

"मग बाहेर का उभ्या केल्यात? या हो आत," असं म्हणून त्यांनी मलाच खुर्चीत बसवलं आणि माझी नाडी धरली. मी तशीच बसून राहिले. शेवटी तात्यांनी बनियन वर केलं तेव्हा माझी सुटका झाली.

डॉक्टरीणबाईंनी वाकून पाहिलं. "ही निळी रेघ कसली?" पट्टा जिथं संपत होता तिथून दोन बोटं पुढं, तात्यांच्या पोटावर बॉलपेननं उभी रेघ ओढलेली होती.

"हद्द," तात्या म्हणाले. "ह्याच्या म्होरं यायचं न्हाई म्हणून."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. हसू आवरायला त्यांनी बराच वेळ हातमोजे घातले. मग विचारलं, "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का?"

"पाहुण्या? आल्या व्हत्या की."

त्यांना काय कळायचं ते कळलं. पुढचं सगळं त्या तात्यांच्याच भाषेत बोलल्या. "तर त्या पाहुण्या सगळ्या गेल्याच नाहीत. काही मागं राहिल्या. पाठीच्या कण्याजवळ शिरांच्या मुळाशी झोपून राहिल्या. आता वय झालं, दगदग झाली, तशा त्या उठल्या."

"म्हंजी इतकी वर्सं माझ्याच घरात?"

"भाडं न देता."

"म्हंजी कुणाकडनं आली न्हाई ही?"

"नाही, तुमचीच आहे. जी शीर धरते तिच्या वाटेनं पट्टा उठतो, म्हणून तो एकाच बाजूला असतो. तोंड नाही, शेपूट नाही. दोन्ही मिळायचा प्रश्नच नाही."

तात्यांनी हळूच निळ्या रेघेवर हात ठेवला. मग त्यांना जे विचारायचं होतं ते विचारलं. "लेक आठव्या म्हयन्यात हाय. तिला लागंल का?"

"ही लागत नाही. पण या फोडांच्या पाण्यातून कांजिण्यांची लागण होऊ शकते. ज्याला कांजिण्या कधी झाल्याच नाहीत आणि लसही घेतली नाही, त्याला. गरोदर बाई असेल, तान्हं बाळ असेल, तर जास्त जपायचं. फोड झाकून ठेवा, हात लावला तर धुवा, टॉवेल-अंथरूण वेगळं. सगळ्या फोडांवर कोरड्या खपल्या धरल्या की लागणीची भीती संपली. गेरूबिरू काही लावू नका. गोळ्या आजपासूनच घ्या. उशीर केला असता तर एवढा उपयोग झाला नसता. आणि पुरळ गेलं तरी आग काही दिवस मागं राहील, घाबरू नका." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "यांचं करणार कोण? तुम्हाला झाल्या होत्या का कांजिण्या?"

मी मान डोलावली. मला चौथीत असताना आल्या होत्या. कांजिण्या गेल्या, पण मला परत शाळेत कुणी पाठवलं नाही.

आम्ही परतलो तर सकाळची रिक्षा अजून दारातच. मनीषा आत बसलेली, पण तिनं रिक्षावाल्याला निघू दिलं नव्हतं. तात्या रस्त्याच्या पलीकडंच थांबले आणि मी इकडं येऊन डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. एवढं सलग मी आयुष्यात बोलले नव्हते. शेवंतामावशी शेजारणीला म्हणाली, "मुकी बोलाय लागली बग!"

मनीषानं रस्त्यापलीकडं ओरडून विचारलं, "तात्या, मला कांजिण्या झाल्या होत्या का?"

तात्यांना ते नाव तोंडातून काढायचं नव्हतं. रस्त्यानं टेम्पो गेला, पाण्याचा टँकर गेला. शेवटी म्हणाले, "तू चार वर्साची असताना पाहुण्या आल्या व्हत्या."

मनीषाच्या कपाळावर आठी आली. "त्या? ज्या मला दिसल्याच नाहीत? मी दाराआड बसून वाट बघायची. तुम्ही म्हणायचात, पाहुण्यांना आवाज सहन होत नाही, गप पडून राहा. कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं मला. तुम्ही कामावर गेला नव्हतात."

"आंग खाजवू नये म्हणून तुझं हात धरून बसावं लागायचं. तुझी आई तवा माहेरी अडकली व्हती."

"म्हणजे त्या कांजिण्या होत्या?"

सासूबाईंनी मनीषाची हनुवटी धरून तोंड वर केलं. भुवईवर एक बारीक खळगा होता. "बघायला आलो तेव्हा मी याच खुणेचं विचारलं होतं, इवाई. तुम्ही म्हणालात, पाहुणी जाताना ठेवून गेली! मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं की पोरीला कुणा पाहुणीनं चटका दिला!"

"मग काय खोटं बोललो व्हतो का?" तात्या म्हणाले.

आधी मनीषा हसली. मग सासूबाईंनाही आवरेना. पण खपल्या धरेपर्यंत तात्या मुलीला घरात घ्यायला तयार होईनात. झाल्या असल्या तरी नको, म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, मग चल परत. तेव्हा मनीषा रिक्षातून उतरली आणि पिशवी घेऊन सरळ माझ्या खोलीत शिरली. "मी हिच्याकडं राहते. हे माहेरच आहे."

तर अशी मनीषा माझ्याकडं राहिली आणि तात्या पलीकडं. पट्टी बदलायचं, जेवण नेऊन द्यायचं माझ्याकडं आलं. बापलेकीचं बोलणं भिंतीवरून. "तात्या, गोळी घेतली का?" "घेतली. लाडू खाल्ला का?" "खाल्ला. दात हलला." शेवंतामावशी तिच्या खोलीतून मध्येच विचारायची, "बाई अजून हाय का?" तात्या ओरडायचे, "हाय! तुझीच चवकशी करतीय!" पाण्याचे पैसे वाढवायचं मात्र तिनं एकदा बोलून दाखवलंच. आता माझ्या खोलीचे.

खपल्या धरल्या, सुकल्या, पडल्या. डॉक्टरीणबाईंनी बघून हो म्हटलं, तेव्हा मनीषा पलीकडं तात्यांच्या खोलीत गेली. तात्यांनी त्या दिवशी सगळी अंथरुणं दोनदा उकळली.

मुलगी झाली. बाळंतपण माहेरीच झालं, म्हणजे बाळाला शेक-शेगडी मी केली, आणि तात्या बाहेर उभे राहून "आता काय करताय? आता काय करताय?" विचारत राहिले.

पण ती बाई काही पुरती गेली नाही. डाव्या अंगाची आग राहिली. कापड लागलं तरी तात्या कळवळायचे. म्हणून घरात उघड्यानंच बसायचे आणि त्या बाजूचा हात अंगापासून लांब धरायचे.

परवा दुपारी मी शेपूची भाजी द्यायला गेले. मनीषा न्हाऊन केस पुसत होती. तात्या भिंतीला टेकून बसले होते आणि नात त्यांच्या डाव्या अंगाला, दुखऱ्या बरगड्यांवर डोकं टेकून झोपली होती. झोपेत तिनं पाय झाडला. टाच नेमकी त्या जागेवर बसली. तात्यांनी डोळे घट्ट मिटले. कोपऱ्यातून पाणी आलं.

"अहो तात्या, त्या बाजूला कशाला घेतलीत!" मनीषा पुढं धावली. "द्या इकडं. लागतंय ना?"

तात्यांनी मान हलवली. बाळ उठू नये म्हणून ते आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. "लागू दे. लई वर्सं झाली गं, कुणी आंगाला लागलं न्हाई."

आणि घसरलेली ती टाच त्यांनी उचलून पुन्हा तिथंच ठेवली.